‘बोला, मी निघाली’

आमच्या आणि नीलाबाईंच्या क्वार्टरमध्ये एकच भिंत होती, तीही एका विटेची. त्यांच्याकडे फोडणी पडली की आमच्याकडे शिंका सुरू. पण इतक्या वर्षांच्या शेजारात त्या भिंतीतून कामाची एक बातमी आली असेल तर शपथ! अख्ख्या गावाचे फोन जिच्या बोटांखालून जातात अशी बाई शेजारी, आणि मी बातमीविना उपाशी. मी जनावरांच्या दवाखान्यात कंपाउंडर. बैल तोंड उघडत नसला तर त्याच्या जबड्यात बांबूची नळी सारून औषध पाजायची विद्या मला येते. नीलाबाईंना चालेल अशी नळी मात्र सरकारनं कधी पुरवली नाही.

“काऊन बाई, डेपोवाल्या साहेबाची बायको काल माहेराले लय वेळ बोलत होती म्हनते?”

“वामनराव, तुमच्या बैलाले इचारा. तो बी रवंथच करते.”

असं सगळं. तोंडाला धार होती, पण ती आमच्यावर चालवायला. फोनवरचं बोलायची वेळ आली की बाई सुपारी तोंडात टाकून मोकळ्या.

आता त्या काळचा फोन कसा होता ते सांगायला हवं, नाहीतर पुढची गंमत कळायची नाही. गंमत म्हणतो मी आता. तेव्हा कोणाला हसू आलं नव्हतं.

आमचं गाव ओंडके चिरायच्या आरामशीनीचं, लाकडाच्या डेपोचं. नाव सांगत नाही, कारण त्यातले काही जण अजून पेन्शन खात आहेत. गावात फोन असतील तीसेक. फोनला नंबर फिरवायची चकती नव्हती. बाजूचा दांडा गरगर फिरवायचा, की तिकडे एक्स्चेंजमध्ये नीलाबाईंपुढच्या लाकडी बोर्डावर तुमच्या लाइनीचं झाकण टप्पकन पडे. बाई दोरीची पिन तुमच्या लाइनीत खोचत आणि विचारत, “बोला?” नंबर कोणी सांगत नसे. ‘बाई, डेपो द्या.’ ‘बाई, कमरुभाऊ द्या.’ बाई कधीकधी परस्परच सांगत, “कमरुभाऊ आताच नमाजाले गेले, घडीभरानं लावा.”

दोन्ही टोकं जुळली की बोर्डावरची एक चावी बाईंच्या हातात असे. ती पुढे असेपर्यंत बाईंना दोन्हीकडचं ऐकू येई. मागे ओढली की बाई बाहेर. ती ओढण्याआधी नीलाबाई म्हणत, “बोला, मी निघाली.”

आणि निघतच. लगेच आवाज उजळे, कंदिलाची काच पुसल्यासारखा. बाहेरगावचे ऑपरेटर काय करत देव जाणे, पण आमच्या गावात ‘मी निघाली’ ऐकल्याशिवाय कोणी घरातली गोष्ट काढत नसे.

ही सवय ठमाबाईपासून लागली. ठमाबाईची पोर वरोऱ्याला दिलेली. सासरी तिचे हाल. नीलाबाई नोकरीला नव्यानं लागल्या त्या दिवसांत ठमाबाई पोस्टातल्या फोनवर पोरीशी रडत रडत बोलली, आणि दुसऱ्या दिवशी बाजारात नीलाबाई दिसल्या तशी पदर डोळ्यांवर ओढून गल्लीत वळली. बाईंनी काही ऐकलं नव्हतं. पण ठमाबाईला ते कसं कळणार? तेव्हापासून बाई सांगून निघू लागल्या.

नीलाबाई मूळच्या ब्रह्मपुरीकडच्या, धानाच्या मुलखातल्या. छप्पन साली चांद्याला दीक्षेचा सोहळा झाला तेव्हा बापाच्या, सोमाजींच्या, खांद्यावर बसून गेलेल्या. गर्दीनं जे म्हटलं ते त्यांनीही म्हटलं, पाचही शीलं. चौथं शील खोटं न बोलण्याचं. मी त्यांना चिडवायचो, “बाई, बाकीची चार मी बी पाळतो. चौथं पाळलं तं माह्याशी बोलंन कोन?”

“म्हनून तं तुमच्याशी कोनी खरं बोलत नाई,” त्या म्हणायच्या.

तर सत्त्याऐंशीच्या हिवाळ्यात एके सकाळी एक्स्चेंजपुढे पाटी नसलेली जीप उभी राहिली. पुढचं बरंचसं मला हवालदार हरिदासनं सांगितलं. तो त्या खोलीत होता. बाईंनी सांगितलं असं समजू नका. अजूनही नाही सांगितलेलं.

जीपमधून बाहेरचे एक साहेब उतरले, साध्या कपड्यांत, आणि मागून हा हरिदास, त्यांच्याच तुकडीतला. साहेबांच्या खिशात मुंबईहून आलेला गृहखात्याचा हुकूम, तार कायद्याखालचा, सहीशिक्क्यासकट. एक्स्चेंजच्या इन्चार्जनं वाचला आणि कपाळ पुसत बाहेर पडून दार ओढून घेतलं. कमरुद्दीनच्या दुकानाचा फोन, येणारा आणि जाणारा, सगळा ऐकायचा. ऐकणार हरिदास, दुसरी हेडफोनची टोपी लावून बाईंच्या शेजारी बसून. ही गोष्ट बाहेर गेली तर बाईंची नोकरी जाईल आणि पाठोपाठ खटला.

कमरुद्दीनभाऊ म्हणजे टॉर्च, सेल आणि रेडिओचं दुकान. जंगलात वीज कुठली? तेंदूपानावाला, बांबू तोडणारा, डेपोचा चौकीदार, सगळे त्याच्याकडून सेल घेत. माणूस भित्रा. ईदेला शीरखुर्मा वाटायला निघाला तरी आमच्या कुत्र्याला घाबरून फाटकातूनच हाका मारणारा. त्याच्यावर संशय असा, की पोलिसांची पार्टी जंगलातल्या बंदूकवाल्यांना धरायला तीनदा गेली आणि तिन्ही वेळा चुली थंड सापडल्या. माणसं आधीच पसार. आणि प्रत्येक वेळी, पार्टी निघायच्या आदल्या दिवशी, कमरुद्दीनचा एटापल्लीला फोन.

“सापडला तर जामीन नाही,” साहेब म्हणाले. “कायदाच तसा आहे.”

कमरुद्दीनची बायको सुलताना आणि नीलाबाई एका विहिरीवर पाणी भरत. रामाजी, म्हणजे नीलाबाईंचे मालक, टायफॉइडनं पडले होते तेव्हा कमरुभाऊनं मोसंबी पाठवली होती. हे साहेबांना सांगून काय उपयोग? हुकूम खरा होता. तीन पार्ट्या गेल्या तेही खरं होतं. पुढच्या वेळी चुली थंड नसून बंदुका गरम असल्या तर मरणारे पोलीसही गावचीच पोरं.

“रोज बोलता तसंच बोलायचं, बाई,” साहेब म्हणाले. “कुणाला शंका येता कामा नये. ते तुमचं ‘मी निघाली’ का काय आहे, तेसुद्धा.”

“साहेब, हुकूम आहे तं चावी पुढे ठेवीन. पन चावी पुढे ठेवून ‘मी निघाली’ म्हननार नाई.”

“का?”

“मी निघाली नसन ना.”

हरिदास म्हणतो, साहेबांनी एवढ्या वर्षांत चोर पाहिले, खुनी पाहिले, पण असं उत्तर पाहिलं नव्हतं. ते खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, “त्याला तेवढं नाही म्हणालात, तर तो ओळखेल. आणि त्यानं ओळखलं, तर तुम्ही त्याला सावध केलं असं मी लिहून देईन. मग तुमचाही जामीन नाही.”

तेवढ्यात झाकण पडलं. टप्प. कमरुद्दीनची लाइन.

खोलीत तिघे, आणि बोर्डावरचं ते पितळी झाकण. हरिदासनं टोपी कानावर दाबली. नीलाबाईंनी पिन खोचली. “बोला?”

“बाई, एटापल्ली द्या ना. आमच्या कय्यूमले.” कय्यूम त्याचा साळा. त्याचंही दुकान सेलचंच.

लाइन जुळली. तिकडून कय्यूमचं ‘हॅलो’ आलं. आता ते दोन शब्द यायचे. कमरुद्दीन थांबला, कय्यूम थांबला. साहेबांचे डोळे बाईंच्या ओठांवर.

“बोला,” बाई म्हणाल्या. पुढे काही नाही.

तारेवर नुसती घरघर. मग कमरुद्दीनचा आवाज, जरा बिचकलेला. “हां... कय्यूम, अम्मीची तब्येत कशी हाये?”

तो फोन तब्येतीवरच संपला. साहेब लालबुंद. ते तोंड उघडणार तोच डेपोचं झाकण पडलं. बाईंनी डेपोला आरामशीन जोडून दिली, चावी मागे ओढली, म्हणजे खरोखर निघाल्या. पण तिथंही बोलल्या एवढंच, “बोला.” मग बँकेचा फोन. “बोला.” मग जनावरांचा दवाखाना, म्हणजे अस्मादिक. “बोला.”

साहेबांना चौथ्या झाकणाला उमगलं. बाईंनी ते दोन शब्द कमरुद्दीनपुढूनच नाही, अख्ख्या गावापुढून उचलले होते. ज्याला-त्याला सारखंच. आता कोणी काय ओळखणार?

“वेडी आहे की शहाणी?” साहेबांनी दाराबाहेर येऊन हरिदासला विचारलं. हरिदासनं तंबाखू-सुपारीचा खर्रा घोळत उत्तर टाळलं.

गावात मात्र त्या संध्याकाळपर्यंत वारं सुटलं. नीलाबाई ‘मी निघाली’ म्हणत नाहीत! पोस्टापुढे, आरामशीनीवर, पानठेल्यावर तोच विषय. आता अशा वेळी माझ्यासारख्यानं गप्प बसावं का? मी सांगितलं, बाईंनी दाढ काढली, टाके आहेत, जास्त शब्द परवडत नाहीत. दुसऱ्या दिवशी सांगितलं, प्रमोशन झालं, साहेबीण झाल्या. तिसऱ्या दिवशी आमच्या बायकोनं, मनकर्णेनं, माझ्या ताटातला भात काढून घेतला आणि म्हणाली, “त्या बाईचं तोंड पाहा एकदा. जेवत नाई ते. आन तुमाले चेष्टा सुचून राह्यली.”

पाहिलं. विहिरीवर सुलताना आली की नीलाबाई घागर अर्धीच भरून निघत. भिंतीपलीकडून भांड्यांचा आवाज येई, बोलण्याचा नाही. रामाजी दोनदा मला विचारून गेले, “वामनराव, घरात काई बोलली का ते तुमच्या बाईसंग?” नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. गावात एक अनोळखी पाहुणा रेस्ट हाऊसवर उतरलाय आणि दिवसभर नुसता व्हरांड्यात बसतो, एवढं मला कळलं होतं. पण दोन आणि दोन मी जोडले नाहीत. खोटं रचण्यात गुंतलेल्या माणसाला खरं दिसत नाही, तसं झालं.

लोक फोनवर आखडले. डेपोवाल्या बाईंचं माहेर बंद. ठमाबाई तर पोरीला नुसतं “बरी हायस ना? बरं ठेवतो,” एवढंच बोलायची.

मग एके दुपारी कमरुद्दीन स्वतः एक्स्चेंजच्या खिडकीशी आला. हातात टोपलीभर सीताफळं. आत बाई, शेजारी टोपी लावलेला हरिदास. इन्चार्जनं सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की हा नवा मेकॅनिक आहे.

“बाई, माहं काई चुकलं का?”

“नाई, भाऊ.”

“मंग ते तुमी म्हनत नाई? पयले वाटलं माह्यावरच राग हाये. बजारात इचारलं. समद्याइले तसंच. मंग जीव जरा खाली पडला. पन बाई, समद्या गावावर काऊन रागावल्या?”

‘दाढ दुखते’ म्हटलं की काम झालं असतं. मी तर दाढेची बातमी पेरूनही ठेवली होती! पण बाईंना ते जमायचं नाही हे एव्हाना हरिदासला कळून चुकलं होतं.

“कमरुभाऊ,” बाई म्हणाल्या, “ते मले इचारू नका.”

कमरुद्दीन खिडकीचे गज धरून उभा राहिला. त्यानं बाईंकडे पाहिलं, नव्या मेकॅनिककडे पाहिलं. मेकॅनिकच्या हातात पाना नव्हता, खर्रा होता.

“बरं,” तो म्हणाला. “सीताफळं पिकली हायेत, आजच खा.” आणि टोपली ठेवून गेला.

हे साहेबांना सांगायला हवं होतं. हरिदासनं नाही सांगितलं. का, ते त्यालाही माहीत नाही. मी म्हटलं, सीताफळं खाल्ली असशील. तो म्हणाला, खाल्ली, पण कारण ते नाही.

साहेबांचा धीर सुटत चालला होता. त्यांनी सापळा लावला. सकाळी ठाण्यात जाऊन सांगितलं, उद्या पहाटे पार्टी जंगलात निघणार. खरं तर निघणार नव्हती. कमरुद्दीनचा एटापल्लीला फोन गेला की उचलायचं, एवढाच बेत. आपण फोन ऐकतो आहोत हे मात्र ठाण्यातही कोणाला सांगितलं नाही. रेस्ट हाऊसवर जीप तयार. हरिदासला हुकूम, ऐकलं की लगेच कळव.

दुपार कलली. पहिलं झाकण पडलं ते पोलीस ठाण्याचं. मागणी कमरुद्दीनच्या दुकानाची.

हरिदासनं डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खर्रा घोळायला घेतला. ठाण्याचा फोन, म्हणजे आपल्याच माणसांचा. आपल्या माणसांवर कान ठेवायचा का? कोणत्याही हवालदारानं हेच केलं असतं. बाईंची चावी मात्र पुढेच होती. हुकुमात ‘सगळे’ म्हटलं होतं ना. त्या ऐकत होत्या.

तो फोन संपला आणि थोड्याच वेळात कमरुद्दीनचं झाकण पडलं. “बाई, एटापल्ली. कय्यूम.” हरिदासनं झटकन टोपी चढवली.

“कय्यूम, उद्या पहाटे पार्टी निघून राह्यली. आजच्या बसनं पाठव. हयगय नको करू. आन कोनाशी बोलू नको.”

बस. पार्टी, पहाट, बोलू नको. आणखी काय हवं होतं? हरिदास म्हणाला, “बाई, रेस्ट हाऊस लावा.”

आता ऐका. रेस्ट हाऊसची लाइन जोडायची कोणी? त्याच बाईंनी. कमरुद्दीनला उचलायला जीप निघणार ती त्यांच्याच बोटांनी खोचलेल्या पिनेवरून. त्यांनी पिन उचलली, क्षणभर हातात धरली, आणि खोचली. चावी मागे ओढली. हरिदास बोलला. रेस्ट हाऊसकडून जीप सुरू झाल्याचा आवाज तारेतूनच आला.

“हवालदार,” नीलाबाई म्हणाल्या, “पयला फोन आयकला का तुमी?”

“तो ठान्याचा होता.”

“देवराव होता. मेसचा हवालदार. त्यानं सेल मांगितले कमरुभाऊले. पार्टी निघून राह्यली, टॉर्चले सेल नाईत, पहाटेच्या आत पाहिजे म्हने. कोनाले सांगू नको म्हने. मंग कमरुभाऊनं ते कय्यूमजवळून मांगवले.”

हरिदासच्या तोंडातला खर्रा तसाच राहिला. सेलचा एजंट आमच्या गावात माल टाकत नसे, एटापल्लीला कय्यूमकडे टाके. तिथून खोकं बसच्या टपावर चढे. वर खडूनं मोठ्या अक्षरांत ‘पोलीस ठाणे, अर्जंट’. मधल्या सगळ्या थांब्यांवर ते खोकं सगळे वाचत. तिन्ही वेळा असंच! जंगलातल्या माणसांना फोन कशाला लागतो? पोलिसांनी सेल मागवले, म्हणजे रात्रीचं चालणं आहे. बातमी एस.टी.च्या टपावर बसून, तिकीट काढून जात होती.

“मंग सांगा ना साहेबाले!” हरिदास म्हणाला.

“साहेब रस्त्यावर हायेत. आन आयकायचं काम तुमचं होतं. मी सांगतलं तं पटन का? कमरुभाऊची शेजारीन हावो मी.”

“मी टोपी काढली होती हे सांगू? बाई, माही नोकरी जाईन.”

बाईंनी ठाण्याची पिन उचलली.

“काय करून राह्यल्या?”

“देवरावनं सांगून ठेवलं होतं, बस निघायच्या वक्ताले पुन्हा कमरुभाऊ लावून द्या म्हनून. सेल चढले का नाई ते त्याले इचारायचं हाये.”

“बसले वेळ आहे अजून.”

“थोडा हाये,” बाई म्हणाल्या.

नको म्हणणं हरिदासच्या हातात होतं. तो खिडकीबाहेर बघू लागला.

त्या वेळी मी कुठं होतो? दुकानात! टॉर्चचं बटण अडकलं म्हणून गेलेलो. जीप कर्रकन थांबली आणि रेस्ट हाऊसचा पाहुणा दोन दांडग्या माणसांसकट आत आला. एकानं कमरुद्दीनचं मनगट धरलं. कमरुद्दीनच्या हातातला रेडिओ गल्ल्यावर आदळला आणि आपोआप सुरू होऊन बाजारभाव सांगू लागला. मागच्या खोलीच्या पडद्याआडून सुलताना “या अल्ला” म्हणाली.

“मी पोलीस आहे. आत्ता एटापल्लीला काय निरोप दिलास?”

“सामान मांगवलं साहेब.”

“कोणासाठी?”

कमरुद्दीन म्हणजे माझ्या कुत्र्याला भिणारा माणूस. त्यानं साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मान हलवली. “ते सांगता येत नाई.”

“सांगता येत नाही?”

“गुप्त हाये, साहेब.”

मी मनात म्हटलं, मेला हा. कमरू, सांग ना बाबा! मनगट धरणाऱ्यानं पिळा दिला. कमरुद्दीन कळवळला.

“पोलिसापासून गुप्त?”

“तुमी पोलीस असते, तं तुमाले मालूमच असतं ना साहेब,” कमरुद्दीन रडवेल्या आवाजात म्हणाला. आणि मला तेव्हा वाटलं की हा आता मार खाणार. साहेबांचा हात वर गेलाच होता.

फोन वाजला.

“हात लावायचा नाही कोणी!” साहेब ओरडले. फोन वाजत राहिला. रेडिओवर तुरीचे भाव चालू होते. मी रेडिओ बंद केला, तेवढीच माझी मर्दुमकी. साहेबांनी दोन पावलं टाकली आणि स्वतः फोन उचलला.

“बोला,” नीलाबाईंचा आवाज. आणि मागोमाग देवराव. त्या काळी लांब-जवळ सगळ्या फोनवर लोक ओरडूनच बोलत, आणि देवराव तर मेसमध्ये भांड्यांच्या खडखडाटात उभा. मला चार हातांवरून शब्दन् शब्द ऐकू आला.

“कमरुभाऊ! ठान्यातून बोलून राह्यलो! सेल चढले का बसवर? अरे पार्टी निघून राह्यली पहाटे, टॉर्चमंदी मागच्याच बारीचे सेल हायेत! साहेबाले समजलं तं कातडी सोलन माही! आन मागच्या तिन्ही बारीले टायमावर पाठवले तसेच पाठव, खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहाले सांग, नाईतं कंडक्टर चढवत नाई!”

देवराव तिकडून “हॅलो, हॅलो” करत राहिला. साहेबांनी फोन हलकेच खाली ठेवला, असा, जसं काही त्यात अंडं आहे. मनगट सोडायची खूण केली.

साहेब टेबलावरचे सेल बघत म्हणाले, “हे सेल... टिकतात का?”

“टिकतात साहेब,” कमरुद्दीन मनगट चोळत म्हणाला. “पन साहेब, आता तुमाले समजलं. कोनाले सांगू नका. गुप्त हाये ते.”

मी हसलो नाही. देवाशपथ सांगतो, तिथं नाही हसलो. घरी जाऊन गोठ्यात हसलो.

दुसऱ्या दिवशी साहेबांची जीप गेली. हुकूम मागे घेतला गेला. हरिदासची टोपी खोक्यात गेली. तो थोड्याच दिवसांत शेजारच्या ठाण्यात बदलून आला आणि आमच्या ठाण्यातल्या देवरावची बदली झाली. ठाण्याचे सेल चंद्रपूरहून सरकारी गाडीतून येऊ लागले. कमरुद्दीनला अखेरपर्यंत वाटत राहिलं की कोणीतरी चुगली केली, आणि संशय, अर्थातच, माझ्यावर.

पण नीलाबाईंचं ‘मी निघाली’ काही परत आलं नाही.

आठवडा गेला, महिना गेला. “बोला,” एवढंच. लोक रुसले. कमरुद्दीन तर सर्वांत जास्त. “आता मोठ्या झाल्या बाई,” तो पानठेल्यावर म्हणायचा. “सरकारी पगार वाढला. आमच्यासाठी दोन शब्द महाग झाले.” मीही त्यात माझा चुना-कात मिसळला. बाई ऐकत, आणि सुपारी चघळत.

उन्हाळ्यात हरिदासची बायको दोन शेळ्या घेऊन दवाखान्यात आली, मागून तो. शेळ्यांचं पोट फुगलेलं. मी नळी चढवून तेल पाजलं. आणि काय सांगू, शेळीचं पोट उतरता उतरता हरिदासचंही उतरलं. सगळं सांगितलं त्यानं. शेवटी मी विचारलं, “अरे, मंग आता तं हुकूम नाई. आता काऊन म्हनत नाई?”

“मी बी इचारलं बाईले,” हरिदास म्हणाला. “त्या म्हनल्या, आता सुरू केलं तं लोक मोजतीन, कवापासून कवापर्यंत बंद होतं. मंग त्या दिवसाइत कोन आलं होतं, कोन बसलं होतं, समदं निघन. हुकूम गेला, पन तोंड बंद ठेवाचा शब्द तं देल्ला हाये.”

म्हणजे बाईंनी खोटं बोलायचं टाळलं, आणि आता खरंही बोलायची सोय राहिली नव्हती.

गावातली सर्वांत मोठी बातमी माझ्या पोटात, आणि सांगायची नाही! मनकर्णेनं दोन दिवस माझी नाडी पाहिली. पानठेल्यावर कमरुद्दीन पुन्हा ‘मोठ्या झाल्या बाई’ म्हणाला, तेव्हा मी म्हटलं, “कमरू, तुह्या सीताफळाची बी अडकली असन त्याइच्या घशात.” सगळे हसले. तो सोडून.

एकदा मला ब्रह्मपुरीला लसी मागवायच्या होत्या. दांडा फिरवला.

“बोला?”

“बाई, ब्रह्मपुरी द्या.”

लाइन लागली. तिकडे कोणी फोन उचलेपर्यंत घरघर. आणि माझी जित्याची खोड.

“काऊन बाई, निघाल्या का?”

सुपारी फुटल्याचा बारीक आवाज. मग चावीचा खट्ट, आणि ब्रह्मपुरीचा “हॅलो” एकदम लख्ख ऐकू आला.

त्या दिवसापासून मी प्रत्येक फोनवर विचारायला लागलो, “निघाल्या का बाई?” लोकांना वाटलं, वामनराव बाईंची टिंगल करतो. माझं पाहून ठमाबाई विचारू लागली, डेपोवाली विचारू लागली. शेवटी एका दुपारी कमरुद्दीननंही विचारलं म्हणे, रागारागानंच, “निघाल्या का?” आणि खट्ट वाजल्यावर थोडा थांबून, एटापल्लीला लागायच्या आधीच, रिकाम्या तारेवर म्हणाला, “बरं बाई. सीताफळं पिकली हायेत.”

हे मला कसं कळलं विचाराल, तर मी त्याच्या दुकानात टॉर्च दुरुस्त करत बसलो होतो.